धर्म्य क्रोध, लोभ आणि पक्षनिष्ठा : अब्राहम कायपर यांच्या १८९१ च्या भाषणाची चिकित्सा

प्रस्तावना :

क्रोध आणि लोभ हे दोन्ही मराठी वाचकाला षड्रिपूंच्या यादीतून परिचित आहेत. ख्रिस्ती परंपरेतही सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी निश्चित केलेल्या प्रमुख पापांच्या यादीत हे दोन्ही विकार आढळतात. तथापि दोहोंना दिलेली वागणूक सारखी नाही. लोभाला तेथे कोणतीही सवलत नाही; पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याची गणना थेट मूर्तिपूजेत केली आहे. क्रोधाला मात्र एक दार उघडे ठेवलेले दिसते. मार्कच्या शुभवर्तमानातील येशू सभास्थानात क्रोधाने सभोवार पाहतो, याकोबाच्या पत्रात मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या जमीनदारांवर आग पाखडली आहे, आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या आज्ञेत राहणारा क्रोध स्तुत्य ठरविला आहे. असा धर्म्य क्रोध आधुनिक राजकीय पक्षाच्या चौकटीत आला म्हणजे त्याचे काय होते, हा प्रश्न नेदरलंडमधील विचारवंत, पाद्री व राजकारणी अब्राहम कायपर (१८३७–१९२०) यांच्या संदर्भात तपासणे उद्‌बोधक ठरते.

भाषणाचे स्वरूप :

नोव्हेंबर १८९१ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या पहिल्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेचे उद्‌घाटन करताना कायपर यांनी सामाजिक प्रश्न व ख्रिस्ती धर्म या विषयावर भाषण केले. त्याच वर्षी मे महिन्यात पोप लिओ तेरावे यांचे कामगारविषयक परिपत्रक प्रसिद्ध झाले होते, आणि कॅथलिकांनी या बाबतीत आघाडी घेतल्याची जाणीव कायपर यांना होती.

या भाषणाचे खरे सामर्थ्य त्यातील निदानात आहे. दारिद्र्य हे केवळ श्रीमंतांच्या कठोर अंतःकरणाचे फळ नसून समाजाच्या बांधणीतच दोष आहे आणि म्हणून ख्रिस्ती माणसाने त्या संपूर्ण बांधणीची चिकित्सा केली पाहिजे, असे ते सांगतात. एकदा हे मान्य केले म्हणजे दानधर्म अपुरा ठरतो. लोभ हा व्यक्तीच्या मनातील विकार न राहता कायद्यात, बाजारात व मजुरीच्या करारात मुरलेला दिसू लागतो. येशू श्रीमंत आणि गरीब या दोघांचीही कानउघाडणी करतो, परंतु श्रीमंतांसाठी त्याचे शब्द अधिक तिखट असतात, हे त्यांचे निरीक्षण श्रोत्यांतील सुखवस्तू मंडळींना रुचले असेल असे वाटत नाही.

परंतु याच भाषणात दुसरा सूरही आहे. समाजाच्या दुरवस्थेचे मूळ कायपर फ्रेंच राज्यक्रांतीत, म्हणजे ईश्वराला नाकारणाऱ्या व्यक्तिवादात शोधतात. येथे क्रोधाचे लक्ष्य हळूच सरकते. लोभ हा शत्रू असेल तर तो चर्चच्या पहिल्या बाकावरही बसलेला असू शकतो. अश्रद्धा हा शत्रू ठरला की तो नेहमी बाहेरच सापडतो.

पक्षाची चौकट :

हे सरकणे आकस्मिक नव्हते. कायपर यांचा क्रांतिविरोधी पक्ष १८७९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या मुळाशीही एक क्रोधच होता : १८७८ च्या शाळाविषयक कायद्याविरुद्धच्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या होत्या. छोटे दुकानदार, शेतकरी, कारागीर अशी 'लहान माणसे' ही या पक्षाची शक्ती होती. मताधिकाराच्या विस्ताराला पाठिंबा देताना १८९४ मध्ये कायपर यांनी सॅव्होर्निन लोमन यांच्यासारखा सहकारीही गमावला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने नोंदवावेच लागते. मात्र पक्षाची सीमारेषा श्रद्धावंत आणि अश्रद्ध यांच्यामध्ये आखलेली होती. परिणामी श्रद्धावंत गिरणीमालक आत आणि अश्रद्ध गोदी कामगार बाहेर, अशी विभागणी अटळ झाली. फर्डिनंड डोमेला न्यूवेनह्यूस या लुथरन पाद्र्याने याच १८७९ साली चर्च सोडून समाजवादाचा मार्ग धरला, ही घटना या संदर्भात सूचक मानावी लागेल.

या विभागणीची कसोटी १९०३ मध्ये लागली. १९०१ पासून कायपर पंतप्रधान होते. जानेवारी १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या बंदर कामगारांना पाठिंबा म्हणून रेल्वे कामगारांनी संप केला आणि तो यशस्वी झाला. कायपर यांनी रेल्वे व सार्वजनिक सेवांतील संप गुन्हा ठरविणारी विधेयके आणली. एप्रिलमध्ये त्याविरुद्ध पुकारलेला सार्वत्रिक संप कोसळला, कायदे संमत झाले आणि अनेक रेल्वे कामगारांना नोकरी गमवावी लागली. विरोधकांनी या कायद्यांना गळा आवळणारे कायदे म्हटले.

येथे घाईने निकाल देणे योग्य नव्हे. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या परिस्थितीची चौकशी करण्याची तरतूदही कायपर यांनी त्याच वेळी मांडली होती, आणि दळणवळण ठप्प होऊ न देणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्य असते. तरीही क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शिक्षा तत्काळ आली, चौकशी मागाहून. १८९१ च्या भाषणात ज्या बांधणीवर प्रहार केला होता, तिच्यातील एका स्तंभाला हात लागताच वक्त्याने बांधणीचा पक्ष घेतला. अक्वायनस यांचा निकष लावला तर कायपर यांचा १९०३ चा क्रोध अविवेकी नव्हता. त्याचा दोष इतकाच की तो दुर्बळाकडे वळलेला होता.

१९०९ मधील पदक-प्रकरणाने या प्रश्नाला वेगळीच बाजू जोडली. पंतप्रधानपदाच्या काळात एका व्यापाऱ्याला मिळालेला राजसन्मान आणि त्याने पक्षनिधीला दिलेल्या देणग्या यांचा संबंध जोडला गेला. चौकशीत कायपर यांच्यावरील दोष सिद्ध झाला नाही. पण मॅमोनविरुद्ध गर्जना करणाऱ्या पक्षालाही छपाई, प्रचार व निवडणुकांसाठी निधी लागतो आणि तो 'लहान माणसां'च्या वर्गणीतून पुरत नाही, हे या प्रकरणाने उघड केले. १८९१ च्या भाषणात लोभाची मीमांसा विस्ताराने आहे. पक्षाच्या स्वतःच्या भुकेचा विचार त्यात नाही. त्या भाषणातील ही सर्वांत मोठी उणीव होय, कारण बोलणारा त्या वेळी बारा वर्षे पक्ष चालवीत होता.

भाषणातील क्रोध सर्वस्वी वाया गेला असेही नाही. पाद्री असलेले ए. एस. ताल्मा हे कायपर यांच्याच पक्षाचे. १९०८ ते १९१३ या काळात मंत्री असताना त्यांनी आजारपण व अपंगत्व यांसाठीच्या विम्याचे कायदे चिकाटीने संसदेत संमत करून घेतले. त्यांपैकी अपंगत्व विम्याची अंमलबजावणी १९१९ मध्ये झाली. आजारपणाचा कायदा मात्र १९१३ मध्ये संमत होऊनही १९३० मध्ये लागू झाला. तोपर्यंत ताल्मा आणि कायपर हे दोघेही हयात नव्हते.