स्विचबोर्ड कुठे गेला?

घरसजावटीचं कुठलंही चकचकीत मासिक उघडा, हल्ली तोच एक फोटो समोर येतो. पांढरी भिंत, एक खुर्ची, फुलदाणीत सुकलेल्या गवताचे दोन तुरे, डावीकडून बेतानं आत येणारं ऊन. मथळ्यात ‘मिनिमल’ हा शब्द असणार म्हणजे असणारच. मी त्या भिंतीवर स्विचबोर्ड शोधत बसतो. बहुतेकदा तो फोटोशॉपमध्ये पुसलेला असतो. चपला, चार्जर, औषधांचा डबा ही मंडळी तर फोटोग्राफर यायच्या आधीच बेडरूममध्ये कोंडलेली असतात. आवराआवरीला मोजकेपणा म्हणायची ही रीत आता इतकी रुळली आहे की, बोलल्याशिवाय राहवत नाही.

खरा मोजकेपणा वेगळा असतो. फोटोग्राफर ल्युसियाँ एर्वे १९४९ मध्ये मार्सेयला वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिएची इमारत बघायला गेला आणि एका दिवसात ६५० फोटो काढून परतला. ते पाहून कॉर्ब्युझिएनं त्याला जो धरला तो १९६५ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत. एर्वेचं खरं हत्यार कात्री. रोलीफ्लेक्सची चौकोनी प्रिंट समोर घेऊन तो बेधडक कापायचा. आकाश गेलं, अर्धा जिना गेला. उरला सावलीचा तिरपा पट्टा आणि काँक्रीटवर उमटलेले सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ. इमारत होती तशीच राहिली. कमी झालं ते कागदावर. चंदीगडच्या त्याच्या फोटोंत माणसंही आहेत, आणि चौकट तरीही भरलेली वाटत नाही.

आजच्या फोटोग्राफरांत हा धागा पुढे नेला लुइसा लांब्रीनं. मेक्सिको सिटीतल्या वास्तुरचनाकार बार्रागानच्या घरात पाहुण्यांच्या खोलीला चार लाकडी झडपांची खिडकी आहे. झडपा जरा किलकिल्या केल्या की फटींतून उजेडाचा क्रूस उमटतो. लांब्री त्या एका खिडकीपुढे ठाण मांडते. एका फोटोत उजेडाची नुसती रेघ, दुसऱ्यात ती बोटभर रुंद, पुढे अंधारच मागे सरलेला. पुसायला, लपवायला तिथे काही नाहीच. कमी-जास्त होतो तो उजेड. एलेन बिने अजून फिल्मवर काम करते, आणि तिच्या भिंतींना पोत असतो, हेही याच घराण्यातलं.

बाकीच्या नावाजलेल्या फोटोग्राफरांचं काय? शुलमनचा लॉस एंजेलिसच्या काचघरातल्या दोन बायकांचा १९६० चा फोटो ही अव्वल दर्जाची जाहिरात. कांडिडा हॉफरची निर्मनुष्य ग्रंथालयं भव्य आहेत, पुढे काही नाही. सुगिमोतोच्या धूसर इमारतींतली युक्ती एकदा कळली की संपली.

फोटोची ताकद मी कमी लेखत नाही. वास्तुरचनाकार मीसचा बार्सिलोनातला पॅव्हिलियन १९२९ मध्ये उभा राहिला, १९३० मध्ये उतरवला गेला आणि १९८६ मध्ये पुन्हा बांधला. मधली ५६ वर्षं जगभरचे वास्तुरचनाकार तो मुख्यतः कृष्णधवल फोटोंवरूनच शिकले. म्हणूनच खोट्या फोटोची भीती वाटते. वाइड अँगलनं दहा बाय बाराचा हॉल दरबार दिसतो. मासिकातलं ते पान फाडून गिऱ्हाईक वास्तुरचनाकाराकडे नेतं, ‘अस्संच करून द्या’ म्हणतं. मग बोर्ड खरोखरच कपाटाच्या दारामागे जातो आणि घरातली आजी रात्री अंधारात बटण चाचपडते. घर माणसांसाठी बांधायचं की फोटोशूटसाठी, हा प्रश्न मुंबई-पुण्यात आता निकालात निघाल्यासारखा आहे.

‘पार्टीची मागणीच तशी असते,’ असं फोटोग्राफर म्हणतात. असेल. मग त्याला जाहिरात म्हणा, जाहिरातीचे पैसे घ्या, आणि कलेच्या गप्पा मारू नका. मोकळी भिंत मिरवायला मागे सामान कोंबण्याइतकी जागा लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याचंच घर या पानांवर येतं. दीड खोलीच्या बिऱ्हाडातही दुपारी चारला खिडकीच्या ग्रिलची सावली भिंतीवर पडते. ती चौकटीत पकडायला स्टायलिस्ट लागत नाही, वाट बघायची तयारी लागते.

तेव्हा तरुण फोटोग्राफरांनो, वाइड अँगल बॅगेतच राहू द्या. पन्नास मिलिमीटरची लेन्स लावा, आणि माणसं राहत असलेल्या घरात, काही आवरायला न सांगता, अख्खा दिवस काढा.