पोटात रान घेतलेला हत्ती

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पोचलेला माणूस हत्तीच्या अगदी कडेला उभा राहून ‘हत्ती कुठंय?’ असं विचारतो. यात त्याच्या नजरेचा दोष नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातलं हे कातळशिल्प साधारण 18 मीटर लांब आणि 13 मीटर उंच आहे, आणि ही उंची जमिनीवर आडवी पसरलेली आहे. उभ्या माणसाच्या दृष्टीत एवढं चित्र मावत नाही. पायाशी दिसते ती जांभ्यात खोदलेली एक चर. ती पुढे जाते, वळते, परत येते. मग कुणीतरी जाणता म्हणतो, ‘ही सोंड.’ आणि त्या एका शब्दासरशी विखुरलेल्या रेषा हलू लागतात, जागच्या जागी बसतात, अख्खा सडाच हत्ती होतो.

या चित्राची पहिली खुबी इथेच आहे, आणि ड्रोनने काढलेलं छायाचित्र आधी पाहिलेल्यांची ती हमखास निसटते. छायाचित्रात हत्ती एका क्षणात मिळतो. ज्याने तो खोदला त्याला मात्र तो तसा कधीच मिळाला नाही. सपाट सड्यावर वरून पाहायची सोय नाही. मागे सरकावं तितकी जमीन तिरपी होत जाते आणि आकृती चपटी दिसते. म्हणजे प्रमाण सांभाळलं ते डोळ्याने कमी आणि पावलांनी जास्त. पाठीची रेषा किती पावलं न्यायची, ती कुठे उतरवायची, पायांमध्ये किती जागा सोडायची, हा सगळा हिशोब त्याने चालत केला असणार. चुकलेली रेघ पुसता येत नाही अशा माध्यमात, स्वतःला पूर्ण न दिसणारा प्राणी असा बेतशीर उतरवणं म्हणजे काय, हे समजायला त्या रेषेच्या बाजूने एकदा सावकाश चालूनच पाहावं. पाठीची रेषा चालताना लांबत जाते, आणि आपण एका जनावराच्या अंगाला वळसा घालतो आहोत हे पोटऱ्यांना कळतं.

मग आत पाहावं. या हत्तीच्या देहात 70 हून अधिक आकृत्या आहेत: जमिनीवरचे चतुष्पाद, पाण्यातले जीव, पक्षी. हत्तीच्या आत मासा कसा, हा प्रश्न बालिश नाही. तो नेमका प्रश्न आहे. इथे आकारांचं प्रमाण निसर्गातलं नाही, रचनेतलं आहे. एका प्राण्याच्या शरीराला रानाचं आणि दर्याचं अंगण करायचं, तिथे बाकीचे जीव सोडायचे, आणि तरीही बाहेरच्या रेषेचा हत्तीपणा ढळू द्यायचा नाही. आतली गर्दी जरा बेताल झाली असती, तर हत्ती हरवून नुसता आकृत्यांचा ढीग उरला असता. तसं झालेलं नाही. इतका मोठा देह आणि इतकी बारकी वस्ती एकाच वेळी वाचता यावी, हे चांगल्या चांगल्या भित्तिचित्रांनाही जमत नाही.

या कसबात दगडाचा वाटा मोठा आहे. जांभा हा लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला, भोकाभोकांचा दगड. अजिंठा-वेरूळच्या कारागिरांना काळा बेसाल्ट मिळाला. त्यात पापणी कोरता येते, बोटावरची अंगठी कोरता येते. जांभ्याला असलं नाजूक काम सोसत नाही, कड ढासळते. म्हणून सड्यावरच्या कलावंताने तपशिलाचा नाद सोडला आणि सगळं बळ बाह्यरेषेत घातलं. पाठीचा बाक, सोंडेचा उतार, शेपटीची जागा एवढ्यावर प्राणी ओळखू आला पाहिजे, ही अट. त्या अटीवर तो जिंकला आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही: रंग. आज रेषा आणि कातळ दोन्ही काळवंडलेले आहेत, म्हणून चित्र शोधावं लागतं. पण उघड्या सड्याची पृष्ठं ऊनपावसाने आणि शेवाळाने काळी पडतात आणि जांभा ताजा फोडला की तांबूस निघतो, हे चिरेखाण पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा पहिल्या दिवशी हा हत्ती काळ्यावर तांबड्या रेषेचा असला पाहिजे. खोदकाम म्हणून आपण ज्याकडे पाहतो ते तेव्हा रंगकामही होतं. हे एकदा मनात आलं की दुपारच्या रखरखीत उजेडात सपाट दिसणारी ती चर वेगळीच भासायला लागते. तरी प्रत्यक्ष पाहायचं तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. तिरपा प्रकाश चरीत सावली भरतो आणि रेषा उठून येते. हे सोडून रेषा खडूने किंवा चुन्याने भरायचा मोह काहींना होतो. तो अडाणीपणा आहे, दुसरा शब्द नाही.

बारसूच्या सड्यावर वेगळी बुद्धी दिसते. मधे माणूस, दोन्ही बाजूंना दोन जनावरं, बहुतेक अभ्यासकांच्या मते वाघ. कशेळीत सगळं एका देहात सामावलेलं, तर इथे तीन देहांमधला ताण. माणूस समोरून, जनावरं बाजूने. या दोन पाहण्यांच्या जोडणीतूनच माणूस खांबासारखा स्थिर वाटतो आणि जनावरं अंगावर येणारी. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर दोन वाघांमधला माणूस आहे, पश्चिम आशियातही हा विषय जुना आहे, त्यामुळे तुलना होतेच. मला त्या नात्यागोत्यापेक्षा आकारमानातला फरक जास्त खुणावतो. मुद्रा बोटांच्या चिमटीत धरायची. बारसूला तीच कल्पना चालत ओलांडावी लागते.

बाकीच्या काही ठिकाणांपाशी मी फार रेंगाळणार नाही. देवाचे गोठणे इथल्या मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, म्हणून तिथे गर्दी होते. लोहयुक्त दगडात तसं होऊ शकतं, आणि त्याने चित्र चांगलं किंवा वाईट ठरत नाही. रुंढे तळी आणि देवी हसोळ इथल्या भौमितिक रचना मात्र कोड्यात टाकतात. हसोळची चौकट आर्यादुर्गेच्या देवळाजवळ आहे, आणि गावाने तिला देवीपासून तोडलेलं नाही. ज्या चित्राशी लोकांचं काही घेणंदेणं आहे ते टिकायची शक्यता कुठल्याही फलकापेक्षा जास्त, असं माझं मत.

जे नाही तेही वाचावं लागतं. रत्नागिरी जिल्ह्यातच 70 हून अधिक ठिकाणी दीड हजारांच्या वर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांत शेतीचं दृश्य नाही. नांगर नाही, पेरणी नाही, बैलजोडी नाही. यावरून ही माणसं शिकार आणि मासेमारीवर जगत असावीत असा तर्क पुरातत्त्वज्ञांनी केला. रंगद्रव्य नसलेल्या कोरीव रेषेत कार्बन मापायलाच काही नसतं, त्यामुळे काळाचे अंदाज मध्याश्मयुगापासून आरंभीच्या ऐतिहासिक काळापर्यंत पसरलेले आहेत. त्यात भर म्हणजे या आकृत्यांतला एकशिंगी गेंडा. आजच्या कोकणात गेंडा नाही. हत्ती तरी कर्नाटकातून दोडामार्गात उतरतात आणि केळी-माडांची वाट लावतात. गेंड्याची तीही शक्यता संपलेली. ज्याने त्याचं शिंग अचूक जागी ठेवलं, त्याने तो ऐकीव माहितीवर काढला असेल असं वाटत नाही.

गोव्यातही, कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला, 1993 साली उजेडात आलेली चित्रं आहेत. तिथला वर्तुळात वर्तुळ शिरत जाणारा चक्रव्यूह बघताना कशेळीचंच तत्त्व उलटं झालेलं दिसतं. चक्रव्यूह माणूस उभ्या जागी पाहू शकतो, पण नजरेला मात्र त्यातून वाट काढत चालावं लागतं.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकुरदेसाई या शोधकांनी सडेच्या सडे पायाखाली घातले, गावोगावच्या गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारलं, म्हणून यातलं बरंचसं आपल्यासमोर आहे. 2022 मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. बारसूही त्यांत आहे. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासणी सुरू झाली तेव्हा, 2023 च्या एप्रिलमध्ये, सड्यावर मोठं आंदोलन झालं. पण धोका मोठ्या प्रकल्पाचाच असतो असं नाही. सडा सरकारी कागदावर पडीक दिसतो. तिथे चिऱ्यांची खाण निघते, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पडतात, रस्ता जातो, माती टाकून सपाटी होते. रेषा काही सेंटिमीटर खोल. तिला पुसायला एक जेसीबी आणि एक सकाळ पुरते. शिवाय रेषा राखून भोवतीचा सडा गेला तरी चित्र अर्धं जातंच. पावसाळ्यात त्याच कातळावर दीपकाडी फुलते, सीतेची आसवं निळी पसरतात; चित्रातल्या प्राण्यांना ही जमीन मुळातच मिळालेली आहे.

उक्षीला ग्रामस्थांनी केलेलं काम म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखं आहे. तिथे एकटा हत्ती आहे, कशेळीच्या मानाने बराच लहान. त्याच्याभोवती जांभ्याचाच गोल कठडा आणि थोड्या उंचीवरून पाहायची सोय केली आहे. नवा दगड जुन्या दगडाशी भांडत नाही, माणूस रेषेवर पाय देत नाही, आणि हत्ती एका नजरेत येतो. कशेळीला हाच उपाय जसाच्या तसा लावता येणार नाही. 18 बाय 13 मीटरच्या आकृतीभोवती कठड्याचा घेर 60 मीटरच्या वर जाईल, आणि तो उंच झाला की हत्ती कोंडवाड्यात गेल्यासारखा दिसेल. तिथे हवी बाह्यरेषेपासून दीडदोन हात लांबून जाणारी, कातळात एकही खिळा न ठोकता नुसती टेकवलेली लाकडी पायवाट. सोंडेपाशी सुरू होणारी, पाठीवरून जाणारी, मागच्या पायापाशी उतरणारी. वरून पाहायचा मनोरा नको.