शेंदराची अर्धीच ओळख

मुलांसाठीच्या विज्ञानपुस्तकांत धातूंच्या ऑक्साइडांचा धडा बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. मॅग्नेशियमची फीत जळते, लोखंड गंजते, कळीच्या चुन्यावर पाणी पडते. शेंदूर आलाच तर एका ओळीत: शिशाचे नारिंगी-तांबडे ऑक्साइड, उपयोग रंगासाठी. ओळ चुकीची नाही. पण धाराशिव जिल्ह्यातील सोनारी हे भैरवनाथाचे गाव. तिथल्या मुलाने शेंदूर प्रयोगशाळेत नव्हे, पूजासाहित्याच्या दुकानात पाहिलेला असतो. ती पूड आणि धड्यातले ऑक्साइड एकच असू शकतात, हे त्याला कुणी सांगत नाही.

रसायनही हातचे निसटते. शेंदराच्या सूत्रात शिशाचे ३ अणू आणि ऑक्सिजनचे ४. हा आकडा मुलाला खटकायला हवा आणि पुस्तकाने तिथेच थांबायला हवे. यातले शिशाचे दोन अणू द्विसंयुजी, तर एक चतुःसंयुजी असतो. मुरदाडशिंग हवेत सुमारे ४५० अंश सेल्सियसला बराच वेळ तापवले की शेंदूर होतो. तो आणखी तापवला की ऑक्सिजन सोडून पुन्हा मुरदाडशिंग! इतकी सुरेख ये-जा एका ओळीत गुंडाळणे आम्हाला कंजूषपणाचे वाटते.

खरा आक्षेप मात्र पुढे आहे. शिशाचा अणुभार २०७, ऑक्सिजनचा १६ धरून गणित केले, तर १०० ग्रॅम शेंदरात ९० ग्रॅमांहून अधिक शिसे निघते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याची सुरक्षित अशी मात्रा जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू आहे. धड्यात यातले काहीच नाही. उलट जुन्या पुस्तकांत ऑक्सिजन मिळवण्यासाठी शेंदूर तापवण्याचा प्रयोग असे.

भावना दुखावतील म्हणून लेखक गप्प राहत असतील, तर ती भीती अनाठायी आहे. देवाविषयी अवाक्षर न काढता सांगता येते की हात धुवावेत, बोट तोंडात घालू नये, पूड तान्ह्या मुलांपासून दूर ठेवावी. शेंदूर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड शिशाचीच असते असे नाही. पण नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही, हेही सांगावे.

प्रयोग हवाच असेल, तर शिक्षकांनी स्वतः हळदीत थोडी चुन्याची निवळी घालून दाखवावी. तांबडा रंग येतो, आणि चुना कोणत्या ऑक्साइडापासून झाला हा प्रश्न मुलेच विचारतील.