सन्मानिका आणि भीड

मराठी नाट्यसमीक्षेने संहिता, अभिनय आणि नेपथ्य यांचा विचार पुष्कळ केला. प्रेक्षक नाट्यगृहात कोणत्या नात्याने येऊन बसतो, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. नटाला मिळणारी आणि त्याने आपल्या माणसांना द्यावयाची सन्मानिका हा त्या विचाराचा एक लहानसा, पण अर्थपूर्ण दुवा आहे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तेथील प्रेक्षक हा संस्थानिकाचा पाहुणा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय सरला आणि १८५३ मध्ये भाव्यांच्या मंडळींनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. या तिकिटाने नाटकमंडळीला उत्पन्न दिले, तसा प्रेक्षकाला नापसंतीचा अधिकारही दिला. पाहुणा यजमानाच्या घरी नाक मुरडीत नाही. दाम मोजणारा मुरडू शकतो. ‘मायबाप प्रेक्षक’ या संबोधनात नम्रतेइतकीच धास्ती आहे, ती यामुळेच.

सन्मानिकेने तो जुना पाहुणा पुन्हा सभागृहात आणला. यजमान तेवढा बदलला. व्यावसायिक नटाचा मोबदला ‘नाइट’च्या हिशेबाने ठरतो. त्यापलीकडे स्वतःच्या कलेतून आप्तांना देण्याजोगे त्याच्यापाशी असते ते एका खुर्चीचे निमंत्रण. त्यात उपकार नाही, स्वाभिमान आहे. दुसऱ्या नाटकातील नटाला दिलेली सन्मानिका तर व्यवसायबंधूच्या जाणकारीला दिलेला मानच होय. सभागृह हसते तेथे तो कदाचित हसणार नाही. पण उशिरा आलेली ‘एंट्री’ आणि सावरून घेतलेले वाक्य त्याला अचूक कळते.

आप्तांचे मात्र तसे नसते. त्यांना रंगमंचावर पात्र दिसण्याआधी आपला माणूस दिसतो, आणि टाळी त्या माणसाला मिळते. हौशी प्रयोगात सभागृह अशा आप्तांनीच भरले, तर नटाला अनोळखी माणसाची नजर लाभत नाही. कौतुक मिळते, कसोटी हुकते. प्रस्तुत लेखकासारखा समीक्षकही बहुधा सन्मानिकेवरच बसलेला असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि दोष फुकटेपणाचा नव्हे. कोकणातील देवळाच्या जत्रेत दशावतार पाहणारा तिकीट काढीत नाही. पण खेळ रंगला तर तो पहाटेपर्यंत बसतो, न रंगला तर खुशाल उठून जातो. त्याला कोणा एकाने बोलावलेले नसते, म्हणून कोणाची भीडही नसते. रसिकतेला बाधा आणते ती ही भीड. नटाने सन्मानिका अवश्य द्यावी. घेणाऱ्याने ती दाराशी फाडून देताना आपली भीडही तेथेच ठेवावी. नटाचा खरा सन्मान त्यातच आहे.