पॅच कोणी द्यायचा?

२००८ च्या नोव्हेंबरात ‘गॉथिक ३: फॉरसेकन गॉड्स’ हा गेम बाजारात आला. खोक्यावर नाव ऑस्ट्रियातल्या जोवुड या प्रकाशकाचं, मालिका मूळची जर्मनीतली, पण हा भाग बनला होता मुंबईत, ट्राइन गेम्स या स्टुडिओत. समीक्षकांनी तो झोडपला. खेळाडूंनी त्याहून जास्त झोडपला, कारण त्यांनी पदरचे पैसे मोजले होते. गेम बगांनी भरलेला होता, पुरता झालेला नव्हता, आणि शेवटी प्रकाशकाला जाहीर माफी मागावी लागली. आपल्याकडच्या गेमनिर्मितीचा इतिहास सांगताना हा प्रसंग सहसा गाळला जातो. मला तो मधोमध ठेवावासा वाटतो. आज पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओंपुढे असलेला प्रश्न तिथे उघडा पडला होता: अपुरा गेम विकला गेल्यावर तो दुरुस्त करायचा कोणी, कोणाच्या पैशाने, आणि त्या दुरुस्तीवर हक्क कोणाचा?

गोष्ट दोन वर्षं आधी सुरू होते. एसेन या जर्मन शहरातल्या पिरान्हा बाइट्स या स्टुडिओने ‘गॉथिक ३’ २००६ च्या ऑक्टोबरात दिला. त्यातलं जग अफाट होतं. हिरव्या मुलखातून चालत वाळवंटात उतरावं किंवा बर्फाळ डोंगरात चढावं, सगळं सलग. लढाई मात्र कच्ची राहिली होती. जुने खेळाडू आजही त्यासाठी रानडुकराचं उदाहरण देतात. नायकाने तलवार उगारली की डुकराची धडक बसायची, धडकेने वार अर्ध्यात तुटायचा, पुन्हा उगारली की पुन्हा धडक. ऑर्कांच्या टोळ्या कापून आलेला योद्धा एका रानडुकरापुढे हतबल होऊन मरायचा. आपलं कसब कमी पडून हरणं वेगळं. इथे वाराला किती वेळ लागतो आणि धडकेला किती, हा मेळच कोणी नीट बसवला नव्हता. असा दोष प्रतिभेच्या अभावाचा नसतो. तो चाचणीला न मिळालेल्या दिवसांचा असतो, आणि ते दिवस रिलीजच्या तारखेने खाल्लेले असतात.

पॅच, म्हणजे विकलेल्या गेमवर मागून चढवायच्या दुरुस्त्या, आले, पुरे पडले नाहीत. डेव्हलपर आणि प्रकाशक यांचं बिनसलं आणि २००७ मध्ये ते वेगळे झाले. ‘गॉथिक’ हे नाव जोवुडकडे राहिलं. ज्यांनी ते जग रचलं ते ‘रायझन’ नावाचं दुसरं जग रचायला निघून गेले. मागे उरला गेम आणि तो विकत घेतलेली माणसं. त्या माणसांतूनच एक गट उभा राहिला. प्रकाशकाने मूळ कोड त्यांच्या हाती दिला आणि त्यांनी फुकट, फावल्या वेळात, वर्षानुवर्षं कम्युनिटी पॅच काढले. आज ‘गॉथिक ३’ खेळून जो समाधान पावतो, त्याच्या समाधानात या बिनपगारी हातांचा मोठा वाटा आहे.

हे सगळं अंगावर असतानाच पुढच्या भागाचं काम मुंबईला आलं. विचार करा, मुंबईच्या टीमच्या हाती काय आलं होतं? दुसऱ्यांनी लिहिलेला, खुद्द लिहिणाऱ्यांनाही न आवरलेला कोड. निघून गेलेले मूळ लेखक. आणि संतापलेला ग्राहक. असं काम घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. भारतातला कोणताही तरुण स्टुडिओ तेव्हा असंच काम घेऊन वर आला असता. पण ते काम घेताना दुरुस्तीचा वेळ आणि दुरुस्तीचा पैसा करारात नसेल, तर बदनामी तेवढी आपल्या वाट्याला येते. तसंच झालं. त्या गेमची सुधारित आवृत्ती निघाली ती २०११ मध्ये, मॅड व्हल्चर गेम्स आणि चाहत्यांच्या मेहनतीतून. त्याच वर्षी जोवुड दिवाळखोरीत गेली. ज्या मुंबईच्या हातांनी गेम बनला, त्या हातांतून ही सुधारित आवृत्ती निघाली नाही.

स्टुडिओ आणि प्रकाशक यांचं हे भांडण पुन्हा पुन्हा का होतं, ते पैशाच्या वाटेवरून पाहिलं की कळतं. प्रकाशक स्टुडिओला आगाऊ रक्कम देतो, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. ठरलेला टप्पा ठरलेल्या तारखेला दाखवला की पुढचा हप्ता. ही आगाऊ रक्कम विक्रीतून पूर्ण वसूल झाल्याशिवाय बहुतेक करारांत स्टुडिओला रॉयल्टीचा पैसा दिसत नाही. म्हणजे रिलीजच्या दिवशी स्टुडिओची तिजोरी सर्वांत रिकामी असते आणि नेमका त्याच दिवशी हजारो खेळाडूंकडून बगांची यादी यायला लागते. प्रकाशकाच्या वहीत मात्र त्या दिवशी खर्च संपलेला असतो. शिवाय स्टीमसारख्या ऑनलाइन दुकानातलं खातं बहुधा प्रकाशकाच्या नावावर असतं. त्यामुळे स्टुडिओने रात्र जागून पॅच तयार केला तरी तो खेळाडूपर्यंत पोहोचवण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते.

कन्सोलवर तर पॅच काढायलाच पैसे पडत. ‘फेझ’ या सुंदर गेमच्या २०१२ मधल्या पॅचमुळे थोड्या खेळाडूंची जतन केलेली प्रगती बिघडायची. पोलिट्रॉन या छोट्या स्टुडिओने जाहीर केलं की दुसरा पॅच काढायचा तर मायक्रोसॉफ्टला हजारो डॉलर भरावे लागतील, ते आम्हाला झेपणार नाही. तोच पॅच तसाच ठेवतो. ओरड झाली आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते शुल्क बंद केलं. त्याआधी, २००४ मध्ये, ट्रॉइका या अमेरिकी स्टुडिओचा ‘व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स’ अर्धाकच्चा बाजारात गेला आणि काही महिन्यांतच स्टुडिओला कुलूप लागलं. त्या गेमची डागडुजी पुढे वर्षानुवर्षं एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या हौसेने केली. चाहत्यांच्या या निष्ठेपुढे मान झुकते. पण एखादी कला स्वतःच्या पूर्णत्वासाठी चाहत्यांच्या फुकट श्रमांवर विसंबून राहते, हे तिच्या धंद्याचं अपयश आहे.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरात इतर मंचांवर आला. २०१७ मधली किकस्टार्टरवरची निधी जमवण्याची मोहीम फसली होती. तरीही टीमने काम सोडलं नाही. महाल, भित्तिचित्रं, हस्तचित्रित कथाफलक यांतून उभी राहिलेली ती दुनिया पाहून जगभरचे लोक थांबले. २०२० च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमच्या विभागात ‘राजी’ला नामांकन मिळालं. मराठी मुलुखातल्या स्टुडिओसाठी ही केवढी मजल आहे! पण ज्यांनी तो मन लावून खेळला त्यांना लढाईतला अडखळता ताल आणि एकाएकी तुटणारा शेवटही जाणवला. माझं मत स्पष्ट आहे: २०२० चा ‘राजी’ पूर्ण झालेला गेम नव्हता. २०२२ मध्ये त्याची एन्हान्स्ड आवृत्ती आली, लढाई सुधारली, हिंदी आवाज आला आणि आधी गेम घेतलेल्यांना ती मोफत मिळाली. इथे प्रकाशक सुपर डॉट कॉम आणि स्टुडिओ दोघे गेमच्या मागे उभे राहिले. मुंबईच्या ट्राइनला जे मिळालं नाही, ते पुण्याच्या या टीमला मिळालं, आणि फरक पडद्यावर दिसतो.

दुसरं उदाहरण मनाला लागणारं आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या अभिजात गेमची नवी आवृत्ती युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केली तेव्हा ती पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे हे ऐकून इथल्या कितीतरी मुलांची छाती फुगली. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासूनचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गेमला हातभार लावल्यावर त्याला स्वतःच्या नावाचं मोठं काम मिळालं होतं. पहिला ट्रेलर आला आणि चेहऱ्यांवर, प्रकाशावर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेमच रद्द केला. स्टुडिओ आणि प्रकाशक एकाच कंपनीचे असले म्हणून हा प्रश्न मिटत नाही, उलट बंद दाराआड जातो. पुण्यातल्या कलाकारांच्या त्या कामाची जगाला झालेली ओळख म्हणजे काही मिनिटांचा एक ट्रेलर. त्यातले दोष दुरुस्त होण्यासारखे होते का, हे खेळून ठरवायची संधी ना त्यांना मिळाली ना आपल्याला.

आणि कधी भांडण उलटंही असतं. बीजीएमआय या मोबाईल गेममुळे घराघरांत पोहोचलेली क्राफ्टन ही कोरियन कंपनी घ्या. तिने अननोन वर्ल्ड्स हा अमेरिकी स्टुडिओ विकत घेतला तेव्हा ठरलेली उद्दिष्टं गाठल्यास २५ कोटी डॉलरपर्यंत जादा रक्कम देण्याचं कबूल केलं होतं. जुलै २०२५ मध्ये तिने स्टुडिओच्या तीन प्रमुखांना हटवलं आणि ‘सबनॉटिका २’ पुढच्या वर्षावर ढकलला. कंपनी म्हणाली, गेम तयार नाही. प्रमुख म्हणाले, तयार आहे, रक्कम द्यावी लागू नये म्हणून थांबवला. प्रकरण डेलावेअरच्या कोर्टात गेलं. गेम ‘पुरा’ झाला की नाही, हा सौंदर्याचा प्रश्न तिथे सरळ पैशाचा झाला. याच क्राफ्टनने २०२५ मध्ये ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या पुण्याच्या नॉटिलस मोबाईलमध्ये मोठा हिस्सा घेतला आहे. म्हणून डेलावेअरचा तो खटला पुण्यातही बारकाईने वाचला जावा.

वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी या सगळ्याचा संबंध काय, असं कोणी विचारेल. संबंध डेटाचा आहे. ज्याच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड जीबी मिळतो, त्याच्यासाठी ३० जीबीचा पॅच म्हणजे वीस दिवसांचं इंटरनेट. मोठ्या शहरात वायफायवर रात्रीतून उतरणारी दुरुस्ती इथल्या पोराला मित्राच्या घरी, कॅफेत किंवा महिनाभर तुकड्या-तुकड्याने उतरवावी लागते. तोवर त्याच्याकडे जो असतो तो अपुराच गेम. ‘नंतर पॅच देऊ’ हे आश्वासन सगळ्यांना सारखं लागू होत नाही. अर्धा गेम विकणारा दुरुस्तीचा खर्च ग्राहकावर ढकलतो, आणि ज्याची जोडणी कमकुवत त्याच्यावर सर्वांत जास्त.

आपली समीक्षा या बाबतीत मागे आहे. मराठीत नाटकाच्या पहिल्या प्रयोगावर लिहिलेलं परीक्षण पंचविसाव्या प्रयोगाला लावत नाहीत; दिग्दर्शक मधल्या काळात प्रवेश कापतो, ताल बदलतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. गेमच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवशी गुण द्यायचे आणि विषय संपवायचा, अशी रीत पडली आहे. त्यामुळे अपुरा माल आणणाऱ्याला एक आठवडा सोसला की सुटका आणि मागून मनापासून दुरुस्त करणाऱ्याला दाद नाही. दोन्ही अन्याय आहेत. गेमवर लिहिणाऱ्याने कोणती आवृत्ती खेळलो ते सांगावं, सहा महिन्यांनी पुन्हा खेळावं, आणि पॅचवर स्वतंत्रपणे लिहावं. ‘राजी’च्या २०२२ च्या आवृत्तीचं सविस्तर मराठी परीक्षण व्हायला हवं होतं.

कायदा थोडी मदत करतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत केलेल्या कामाचा हक्क सहसा नोकरी देणाऱ्याचा असतो, पण स्वतंत्र स्टुडिओने हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं ठरलं नसल्यास, तो संपतो. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही, आपल्या कृतीची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल, तर कर्त्याला दाद मागता येते. परदेशी प्रकाशकाच्या करारात या सगळ्यावर ‘कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द लिहून येतात आणि घाईत सही होते. तिथेच थांबायला हवं.

वैजापूर, गंगापूर, कन्नडहून संभाजीनगरला आणि पुण्याला ॲनिमेशन, प्रोग्रामिंग शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनो, उद्या तुमच्यापैकी कोणी स्वतःचा स्टुडिओ काढेल आणि पहिला प्रकाशक दारात येईल. आनंद करा, पण सही करण्याआधी करारात एवढं लिहून घ्या: रिलीजनंतर किमान सहा महिने दुरुस्तीचा पगार कोण देणार, दुकानात पॅच चढवण्याचा अधिकार तुमच्याकडे राहील का, आणि प्रकाशक बुडाला किंवा पाठ फिरवून गेला तर कोड आणि नाव कोणाकडे परत येईल. तो नाही म्हणाला, तर दुसरा प्रकाशक शोधा.