‘सॉलिडॅरिटी’ ह्या संज्ञेची चिकित्सा : युरोपीय संघाच्या संदर्भात

राजकीय संघटनांच्या मूलभूत लेखांत काही शब्द असे असतात की, त्यांचा उच्चार सर्वांनाच प्रिय असतो. परंतु त्यांचा अर्थ निश्चित करण्याचा प्रसंग आला म्हणजे उच्चार करणाऱ्यांतच मतभेद उत्पन्न होतात. युरोपीय संघाच्या करारांतील ‘सॉलिडॅरिटी’ ही संज्ञा ह्याच वर्गात मोडते. मराठीत तिच्यासाठी ‘एकजूट’, ‘ऐक्यभाव’, ‘बांधिलकी’ असे प्रतिशब्द योजले जातात. हे सारे प्रतिशब्द मनोवृत्तीकडे झुकणारे आहेत. मूळ संज्ञा मात्र ऋणव्यवहाराच्या प्रांतातील आहे. रोमन विधीत अनेक ऋणकोंपैकी प्रत्येक जण संपूर्ण ऋणास उत्तरदायी असेल, तर ते दायित्व ‘इन सॉलिडुम’ मानले जाई. फ्रेंच विधिज्ञांनी हा शब्द त्यावरूनच घडविला. त्याचा सामाजिक व नैतिक अर्थ मागाहून, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, रूढ झाला. भावना व दायित्व ह्या दोन अर्थांमधील अंतर लक्षात घेतल्याखेरीज संघाच्या इतिहासातील अनेक विसंगतींचा उलगडा होत नाही.

फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन ह्यांनी ९ मे १९५० रोजी केलेले निवेदन हा ह्या विचाराचा उगम होय. युरोप एकदम किंवा एकाच आराखड्यानुसार घडणार नाही. प्रत्यक्ष कार्ये प्रथम वस्तुस्थितीतील परस्परावलंबन निर्माण करतील आणि त्यांतूनच तो घडेल, असे त्यात प्रतिपादिले होते. ह्या उपपत्तीचे वैशिष्ट्य असे की, तीत बंधुभाव गृहीत धरलेला नाही. फ्रान्स व जर्मनी ह्यांच्यामधील महायुद्ध संपून तेव्हा पाच वर्षेच झाली होती. तेव्हा तो गृहीत धरणे शक्यही नव्हते. कोळसा व पोलाद ह्यांचे उत्पादन एका समान अधिकाराखाली आणावे म्हणजे हितसंबंध गुंतत जातील, आणि भावना त्यांच्या मागून येईल, असा हा क्रम होता. १९५१ च्या पॅरिस करारान्वये सहा राष्ट्रांनी स्थापिलेल्या समुदायात ह्या विचाराला काही काळ मूर्त स्वरूपही लाभले. संक्रमणकाळात जर्मनी व नेदरलंड्स येथील स्वस्त कोळशाच्या उत्पादनावर आकार बसवून बेल्जियमच्या तोट्यातील खाणींना साहाय्य देण्यात आले. येथे कोणी द्यावे, कोणाला द्यावे आणि किती काळ द्यावे, हे आधीच ठरलेले होते.

तथापि ह्या उपपत्तीत एक उणीव होती, आणि ती लवकरच दृष्टोत्पत्तीस आली. लाभाची वाटणी व भाराची वाटणी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ह्याचा विचार तीत झाला नव्हता. १९५८ पासून खनिज तेल व आयात कोळसा ह्यांच्या स्पर्धेमुळे खाणींच्या तोंडाशी न विकलेल्या कोळशाचे ढीग साचू लागले. समुदायाच्या उच्चाधिकार मंडळाने करारातील संकटविषयक तरतुदीचा आश्रय घेऊन उत्पादनाचे कोटे ठरविण्याची अनुमती मागितली. परंतु मे १९५९ मध्ये मंत्रिपरिषदेने ती नाकारली. विरोध करणाऱ्यांत जर्मनी, फ्रान्स व इटली ही तिन्ही मोठी राष्ट्रे होती. हितसंबंधांची गुंफण झाली म्हणजे संकटकाळी भार वाटून घेण्याची वृत्ती आपोआप उपजते, हे गृहीतक पहिल्या दशकातच डळमळीत झाले होते.

पुढील करारांत ‘सॉलिडॅरिटी’चा उल्लेख वाढत गेला, दायित्व मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आलेल्या लिस्बन करारात ती मूल्य म्हणून येते, आश्रयविषयक धोरणाचे तत्त्व म्हणून येते, आणि दहशतवादी हल्ला वा नैसर्गिक आपत्ती ह्यांच्या संदर्भात एका स्वतंत्र कलमाचा विषय म्हणूनही येते. परंतु त्याच करारव्यवस्थेतील १२५ वे कलम एका सदस्य राष्ट्राच्या ऋणाची जबाबदारी दुसऱ्यावर पडणार नाही, असे सांगते. म्हणजे शब्दाचा जो मूळ अर्थ, तोच येथे स्पष्टपणे निषिद्ध ठरविला आहे.

ग्रीसच्या प्रसंगी ह्या विसंगतीची किंमत मोजावी लागली. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे साहाय्य संमत झाले. त्यांपैकी ८० अब्ज युरो-राष्ट्रांनी व ३० अब्ज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने द्यावयाचे होते. हे साहाय्य ऋणरूप होते आणि त्यासोबत कठोर अटी होत्या. स्लोव्हाकियाने आपला वाटा उचलण्यास नकार दिला. आपल्यापेक्षा अधिक वेतन व निवृत्तिवेतन घेणाऱ्या राष्ट्राचा भार आपण का वाहावा, हा तेथील प्रश्न केवळ स्वार्थाचा म्हणून झिडकारता येत नाही. भाराचे प्रमाण पूर्वी ठरलेले नसले म्हणजे प्रत्येक साहाय्य दात्याला दंडासारखे आणि घेणाऱ्याला अपमानासारखे वाटते.

२०१५ मध्ये हाच अनुभव वेगळ्या रूपाने आला. इटली व ग्रीस येथे पोहोचलेल्या निर्वासितांपैकी १,६०,००० जणांना इतर राष्ट्रांत हलविण्याचे ठरले. त्यांपैकी १,२०,००० जणांविषयीचा निर्णय हंगेरी, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया व रुमानिया ह्यांच्या विरोधास न जुमानता बहुमताने झाला. न्यायालयाने २०१७ मध्ये तो वैध ठरविला आणि २०२० मध्ये पोलंड, हंगेरी व झेक प्रजासत्ताक ह्यांनी दायित्वाचा भंग केल्याचा निर्णय दिला. प्रत्यक्षात हलविलेल्यांची संख्या मात्र ३५,००० च्या आतच राहिली. येथे दायित्व निश्चित होते. परंतु ते संकट कोसळल्यावर निश्चित केलेले होते. ज्यांनी ते मान्य केले नव्हते, त्यांच्या दृष्टीने ते लादलेले ठरले.

महामारीच्या वर्षी, जुलै २०२० मध्ये, संघाने स्वतःच्या नावावर कर्ज उभारून ७५० अब्ज युरोंचा निधी देण्याचे ठरविले. त्यांत ३९० अब्जांची अनुदाने होती. हे पाऊल निःसंशय महत्त्वाचे होते. तथापि येथेही कोणतेही राष्ट्र संपूर्ण कर्जास उत्तरदायी झाले नाही. परतफेड संघाच्या अर्थसंकल्पातून, २०५८ पर्यंत, व्हावयाची असून प्रत्येकाचा भार त्याच्या वाट्यापुरता मर्यादित आहे. किंबहुना ही मर्यादाच ह्या योजनेच्या स्वीकृतीचे एक प्रमुख कारण होय.

ह्यावरून सदस्य राष्ट्रांत ऐक्यभाव मुळीच नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. संपूर्ण दायित्वाची अपेक्षा त्यांनी कधी मान्य केली नाही, आणि निव्वळ भावनेने संकटकाळी भार उचलला नाही. ह्या दोहोंच्या मधली जी वाट आहे, प्रमाणबद्ध, मर्यादित आणि पूर्वनिश्चित दायित्वाची, तीवर मात्र पावले टिकली आहेत. १९५० च्या दशकातील कोळशावरील आकार ह्याच जातीचा होता. २०२० चा निधी संकटात जन्मला असला, तरी त्याचा भार अर्थसंकल्पातील पूर्वमान्य प्रमाणाने वाटला गेला. २०२४ मध्ये संमत झालेली स्थलांतरविषयक नवी नियमावली निर्वासितांचा स्वीकार करणे, द्रव्य देणे किंवा अन्य साहाय्य करणे असे पर्याय राष्ट्रांपुढे ठेवते. तीही ह्याच दिशेचा प्रयत्न म्हणता येईल. मात्र माणसांना आश्रय देणे व त्याऐवजी द्रव्य देणे ही समतुल्य कर्तव्ये आहेत काय, हा प्रश्न तीमुळे मिटत नाही. उलट अधिक तीव्र होतो.

शूमन ह्यांच्या निवेदनाचे मर्म कृती भावनेच्या आधी असावी, ह्यात होते. त्याला अनुभवाने एवढीच पुस्ती जोडली आहे की, कृतीच्याही आधी तिच्या भाराचा हिशेब झालेला असावा. तो टाळला गेला, तेव्हा तेव्हा ‘सॉलिडॅरिटी’ हा शब्द कराराच्या कागदावर राहिला आणि राष्ट्रे आपापल्या सीमांकडे परतली.