फाटलेल्या कागदाचें पुस्तक

बालवाङ्मयाची चर्चा आमच्या नियतकालिकांतून वेळोवेळीं होत असते; परंतु तींतील बालक बहुधा आठ-दहा वर्षांचें, अक्षरओळख झालेलें, गोष्ट स्वतः वाचूं शकणारें असें असतें. त्याहून धाकटें, अजून शाळेचा उंबरठा न ओलांडलेलें, तीन ते पांच वर्षांचें मूल टीकाकाराच्या दृष्टीस पडतच नाहीं. त्याचें पुस्तक म्हणजे चित्रें, आणि चित्रें म्हणजे कांहीं वाङ्मय नव्हे. त्याचा उद्योग म्हणजे कागद आणि खळ यांचा पसारा, आणि पसारा म्हणजे कांहीं कला नव्हे. असें मानून हा सगळा प्रांत आपण आई, आजी आणि बालवाडीच्या ताई यांच्याकडे सोंपवून मोकळे होतों. त्याचा परिणाम असा झाला आहे कीं, या प्रांतांत चांगलें काय आणि वाईट काय हें ठरविण्याचें काम दुकानदाराच्या हातीं गेलें आहे. हा अधिकार त्याच्याकडे राहूं द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून येथें एका चिमुकल्या पुस्तकाची परीक्षा, मोठ्या ग्रंथाची करावी तितक्याच गंभीरपणानें, करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुस्तक लिओ लिओनी यांचें. इंग्रजी नांव 'लिट्ल ब्लू अँड लिट्ल यलो'. मराठींत त्यास 'धाकटा निळा आणि धाकटा पिवळा' म्हणतां येईल. तें अमेरिकेंत १९५९ सालीं प्रसिद्ध झालें. लिओनी १९१० सालीं ऍम्स्टरडॅम येथें जन्मले. पुढें अमेरिकेंत 'फॉर्च्यून' या मासिकाचे कलासंपादक म्हणून त्यांचा मोठा लौकिक झाला. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मुलांसाठीं पुस्तक करावें असें त्यांच्या मनांतहि नव्हतें. न्यूयॉर्कहून कनेक्टिकट प्रांतांतील ग्रीनिच या गांवीं ते आपल्या दोन लहानग्या नातवंडांस घेऊन आगगाडीनें निघाले होते. मुलें गाडींत दंगा करूं लागलीं. आजोबांपाशीं 'लाईफ' साप्ताहिकाचा एक अंक होता. त्यांतील रंगीत पान काढून त्यांनीं निळे, पिवळे व हिरवे असे तुकडे हातानेंच फाडले, कागदपत्रांची पेटी मांडीवर आडवी ठेविली, आणि तिच्या पाठीवर त्या तुकड्यांना फिरवीत गोष्ट सांगावयास आरंभ केला. मुलें गप्प बसलीं. आसपासचे उतारूहि ऐकूं लागले, असें म्हणतात. घरीं गेल्यावर त्याच गोष्टीचें पुस्तक झालें.

ही हकीकत आम्ही केवळ मनोरंजक म्हणून सांगत नाहीं. या पुस्तकाचें सारें मर्म तींत आहे. ज्या पुस्तकाचा जन्म सुबक चित्रफलकावर न होतां मुलांच्या देखत, त्यांच्या अधीरपणाशीं झटापट करीत, हाताशीं सांपडलेल्या कागदांतून झाला, त्यांत जें आलें तें ठरवून आणतां आलें नसतें.

गोष्ट अशी. धाकटा निळा आपल्या आईबापांसह राहतो. समोरच्या घरांत धाकटा पिवळा आहे. तो त्याचा जिवलग मित्र. एके दिवशीं आई बाजारांत जातांना निळ्याला घरींच बसावयास सांगते. तो अर्थातच बसत नाहीं. इकडे तिकडे शोधून शोधून एका वळणावर त्यास पिवळा भेटतो. दोघे एकमेकांस कडकडून मिठी मारतात आणि हिरवे होतात. मग बागेंत खेळतात, बोगद्यांतून पळतात, डोंगर चढतात आणि दमून घरीं येतात. निळ्याचे आईबाप म्हणतात, हा आमचा नव्हे. पिवळ्याचेहि तेंच म्हणतात. दोघे इतके रडतात कीं त्यांचे निळे व पिवळे अश्रू होऊन जातात, आणि त्या अश्रूंतून ते पुन्हां वेगवेगळे जुळून येतात. आईबापांना आनंद होतो. ते मुलांना मिठी मारतात, आणि आपणहि हिरवे होत आहोंत असें पाहून त्यांना सगळा उलगडा होतो.

यांत एकहि चेहरा नाहीं. डोळे नाहींत, हातपाय नाहींत. सगळीं पात्रें म्हणजे ओबडधोबड गोल तुकडे; आईबापांचे जरा मोठे, एवढाच फरक. आमच्या परिचयाचे एक सुविद्य गृहस्थ हें पुस्तक चाळून म्हणाले, "यांत चित्र कोठें आहे?" चार वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पडत नाहीं. जो बालक आगपेटीला मोटार म्हणतो आणि लाटण्याला घोडा, त्याला ठिपक्याला मुलगा म्हणण्यास कसली अडचण? उलट, चेहरा नसल्यामुळें भाव त्यास स्वतः घालावा लागतो. दारांतून परत पाठविलेला हिरवा ठिपका पानावर एकटा दिसतो तेव्हां तो रडवेला आहे हें कोणी काढून दाखविलेलें नसतें. तें पाहणाराच पुरवितो. आमच्याकडील बहुतेक चित्रपुस्तकांत ससा हंसत असला तर त्याचे दांत दिसतात, दुःखी असला तर गालांवर थेंब असतात, आणि शिवाय खालीं लिहिलेलें असतें कीं ससा दुःखी झाला. एकाच गोष्टीची अशी तिहेरी हजेरी घेतल्यावर मुलाला करावयास काय उरतें?

दुसरें असें कीं हे तुकडे कात्रीनें कापलेले नाहींत, फाडलेले आहेत. ही बाब क्षुल्लक नाहीं. कात्रीच्या कडेला चूक दिसते, फाडलेल्या कडेला दिसत नाहीं. तीन वर्षांच्या मुलाला कात्री नीट चालवितां येत नाहीं. परंतु अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत कागद धरून दोन्ही हात उलट दिशांना नेणें त्यास सहज साधतें. वर्तमानपत्राचा कागद एका अंगानें सरळ फाटतो आणि दुसऱ्या अंगानें वांकडातिकडा, हा शोध प्रत्येक मूल आपला आपण लावतें. तेव्हां हें पुस्तक मिटल्यावर मूल जें करूं पाहील तें त्याच्या आवांक्यांतलें असतें. पुस्तकांतील निळा आणि त्याच्या हातचा निळा यांत दर्जाचा भेद राहत नाहीं. चित्रपुस्तक आणि हस्तव्यवसाय हे दोन वेगळे विषय नसून एकाच कृतीचीं दोन टोकें आहेत, हें दाखवून देणारें याहून चोख उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें थोडें इतिहासाकडे पाहिलें पाहिजे. लहान मुलांच्या शिक्षणांत कागदाला मानाचें स्थान दिलें तें जर्मनींतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें त्यांनीं संस्था काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' हें नांव दिलें. घड्या घालणें, कापणें, पट्ट्या विणणें, टोंचणें, शिवणें हे त्यांचे 'व्यवसाय' मुलाच्या अंतःशक्तीस वाट करून देण्यासाठीं होते. परंतु त्यांच्या पश्चात् अनुयायांनीं त्यांची कवाईत केली. अमुक घडीनंतर तमुक घडी, सर्वांनीं एकदम, शिक्षिकेच्या खुणेबरोबर. आणि सुईनें बारीक भोकें पाडतांना कोवळ्या डोळ्यांना शीण. पुढें अमेरिकेंत स्टॅन्ली हॉल व जॉन ड्यूई यांनीं या जडपणावर टीका केली ती याचसाठीं.

ती कवाईत मेली असें समजूं नये. एका बालवाडीच्या वार्षिक प्रदर्शनास जाण्याचा योग आम्हांस आला होता. भिंतीवर चाळीस हत्ती. चाळीसांचीहि सोंड डावीकडे, चाळीसांच्याहि पाठीवर एकाच जागीं तांबडी झूल. खालीं चाळीस वेगवेगळीं नांवें. पालक आपापला हत्ती शोधीत होते आणि नांव वाचल्याखेरीज कोणालाहि तो सांपडत नव्हता. हल्लीं तर घरबसल्या खोका मागवितां येतो. त्यांत तुकडे अगोदरच कापलेले, मागें डिंकहि लावलेला, आणि कोठें काय चिकटवावें याचा नकाशा. राहिलेलें काम आई रात्रीं जागून पुरें करते, कारण सकाळीं तें शाळेंत न्यावयाचें असतें. या खटाटोपांत मायेची उणीव नाहीं हें आम्ही जाणतों. पण त्या कागदावर मुलाचा हात कोठें फिरला हें शोधूनहि सांपडत नाहीं.

तुलनेसाठीं एरिक कार्ल यांचा जगप्रसिद्ध भुकेला सुरवंट घ्यावा. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हें त्यांचें पुस्तक १९६९ सालचें. त्याचाहि उगम असाच हाताच्या खेळांत आहे: कागदांच्या गठ्ठ्याला भोकें पाडतां पाडतां कार्ल यांना पुस्तक खाणाऱ्या किड्याची कल्पना सुचली, आणि त्यांच्या संपादिका ऍन बेनेड्यूस यांनीं त्या किड्याचा सुरवंट करविला. भोकें पाडलेलीं व निरनिराळ्या रुंदीचीं पानें अमेरिकेंत परवडेल अशा खर्चांत छापून मिळेनात, म्हणून पहिली आवृत्ति जपानांत छापून घ्यावी लागली. वस्तु म्हणून हें पुस्तक लिओनींच्या पुस्तकाहून सरस आहे. भोकांत बोट घालण्याचें सुख कोणतें मूल सोडील? परंतु कार्ल यांचे रंगविलेले पातळ कागद कसलेल्या कारागिराचे आहेत. मूल त्यांचें कौतुक करतें. लिओनींच्या तुकड्यांकडे पाहून तें कागद मागतें. आमच्या मतें हा फरक लिओनींच्या बाजूनें मोठा आहे. मात्र स्वतः लिओनींनाहि पुढें ही उंची नेहमीं राखतां आली असें नाहीं. 'स्विमी' (१९६३) व 'फ्रेडरिक' (१९६७) यांत चित्रकौशल्य वाढलें आहे, पण मासा आणि उंदीर यांच्या आडून दृष्टांत सांगणारा गृहस्थ डोकावूं लागतो.

दृष्टांताचा विषय निघाला म्हणून सांगतों. १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं इसापाच्या नीतिकथा मराठींत आणल्या, तेव्हांपासून तात्पर्यावांचून गोष्ट म्हणजे मिठावांचून भात अशी आपली समजूत होऊन बसली आहे. या पुस्तकाचें तात्पर्य काय, असें आम्हांस दोन-तीन मातांनीं विचारलें. कोणी म्हणेल वर्णभेद विसरावा. कोणी म्हणेल आईची आज्ञा मोडूं नये. लेखकानें यांपैकीं कांहींच लिहिलेलें नाहीं, आणि ज्यांना न लिहिलेलें वाचण्याची संवय आहे त्यांना तें धोक्याचें वाटतें. २०१५ सालीं इटलींतील व्हेनिसच्या महापौरांनीं कुटुंबाच्या रूढ कल्पनेस धक्का लावणारीं म्हणून जीं पुस्तकें बालशाळांतून काढून घेण्याचा हुकूम दिला, त्यांत हें पुस्तकहि होतें. दोन ठिपक्यांच्या मिठीनें एका मोठ्या शहराचा कारभार घाबरावा! पुढें पुष्कळ निषेध झाल्यावर बहुतेक पुस्तकें परत आलीं. वाचून दाखविणाऱ्यानें येथें मौन पाळावें हेंच बरें. "हिरवा झाला तर काय झालें?" हा प्रश्न मुलानें विचारावा, आपण विचारूं नये.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. निळा कागद पिवळ्या कागदावर ठेवला तर हिरवा होत नाहीं. पुस्तक मिटतांच मूल हा प्रयोग करतें आणि फसतें. यास उपाय सोपा आहे. पतंगाचा निळा व पिवळा कागद घ्यावा, जेथें उजेड येतो त्या खिडकीच्या कांचेवर एकावर एक धरावा, म्हणजे हिरवटपणा उमटतो. जिलेटिनच्या कागदानें तो अधिक स्वच्छ दिसतो, पण जिलेटिन हातानें नीट फाटत नाहीं. चिकटविण्यास गव्हाच्या पिठाची खळ पुरे. ती तोंडांत गेली तरी भय नाहीं. आणि कागदच हवा असेंहि नाहीं. तारा बाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरास काम केल्यानंतर १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीं बालवाड्या चालविल्या, तेव्हां माँटेसरींचीं महाग साधनें बाजूला ठेवून पानें, बिया, खडे, शिंपले, माती यांवरच मदार ठेविली. गरिबीमुळें तसें करावें लागलें हें खरें. पण ज्या वस्तूला ठरलेला आकार नाहीं तिला मूल आकार देतें, हें त्या निवडींत आपोआप साधलें. कोसबाडच्या अंगणांतील बी आणि आगगाडींतील कागदाचा कपटा हीं एकाच जातीचीं साधनें आहेत.

मराठींत अशा पुस्तकांची वाट अगदींच बंद नाहीं. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत घरगुती गोष्टी उपदेशावांचून आल्या आहेत, आणि लिहिणारा हात व चित्र काढणारा हात एकच असल्यामुळें शब्द चित्राची री ओढीत नाहींत. परंतु तीं रेखाटनाचीं पुस्तकें आहेत. निव्वळ फाडलेल्या कागदाचें, मुलाला स्वतः तसेंच करावेंसें वाटेल असें मराठी पुस्तक आम्हांस अजून भेटलेलें नाहीं. कोणी चित्रकार तें करूं म्हणेल तर त्यानें प्रथम कात्री दूर ठेवावी, आणि एक-दोन मुलांना समोर बसवून, तीं कंटाळावयास लागलीं म्हणजे मग आरंभ करावा.